निरोपाला आत्या हवीच

ला लगूना, तेनेरिफे बेट, स्पेन
दि. ५ मार्च २०२५

ती. कोकिळाआत्यास,
मयुरीचा सा. न. वि. वि.

आधी तुझं अभिनंदन. तीस वर्षं धुळ्याच्या दवाखान्यात कोकिळा सिस्टर म्हणून राबलीस आणि निवृत्तीच्या दिवशी म्हणे हार घालून घ्यायला तयार नव्हतीस, आधी वॉर्डातलं ड्रेसिंग संपवते म्हणालीस. आईनं फोनवर सांगितलं. तुझ्याशी फोनवर बोलायची सोय नाही, कारण तू फोन घेतलास की शेजारच्या भिकुबाईसकट अख्खी गल्ली मध्ये बोलते. म्हणून तुझीच अट पाळतेय. हातानं लिहायचं, कागदाचा फोटो पाठवायचा. अक्षर बघ आणि खूश हो.

मला इथं येऊन पाच आठवडे झाले. केळीवर शिकायला मुक्ताईनगरच्या पोरीनं एवढ्या लांब कशाला जावं, असं तूच विचारलं होतंस. तर ऐक, ह्या बेटावर केळीच केळी आहेत. समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या बागा, वाऱ्यासाठी दगडी भिंती. आणि गंमत म्हणजे सालीवर काळे ठिपके असले की इथले लोक ते केळं कौतुकानं उचलतात, आमचं केळं म्हणून. आपल्याकडे ठिपके दिसले की व्यापारी तोंड फिरवतो. भाऊंना हे सांगितलं तर तुझे हे बंधुराज म्हणाले की दोन ट्रक तिकडेच पाठवतो.

गाव मात्र बागांच्या वर, डोंगरावर आहे. सरळ गल्ल्या, पिवळ्या-गुलाबी भिंती, लाकडी गॅलऱ्या, आणि घरांच्या कौलांवर चक्क झाडं उगवलेली. दुपारी तीनला ऊन असतं, साडेतीनला ढग रस्त्यात उतरतो आणि समोरचा माणूस दिसत नाही. मी राहते त्या घराच्या मालकीणबाई कांदेलारिया, वय चौऱ्याहत्तर. ती रोज सकाळी दुधात भाजक्या धान्याचं पीठ कालवून खाते. मला वाटलं, सातूचं पीठ खायला इथवर आले की काय!

आता मुद्द्यावर येते. माझं सत्र जूनअखेर संपतं आणि ५ जुलैला मी निघणार. आत्ताच मला ह्या गावाला सोडायची धास्ती वाटायला लागली आहे. म्हणून मी ठरवलंय, शेवटचे पंधरा दिवस तू इथं यायचंस. दोघी मिळून हे शहर बघू, दोघी मिळून त्याचा निरोप घेऊ आणि एकाच विमानानं परत येऊ. माझ्या शिष्यवृत्तीतून तुझं तिकीट निघतं. तेहतीस वर्षांपूर्वी तुझी मस्कतच्या दवाखान्यात निवड झाली होती आणि भाऊंनी तुला जाऊ दिलं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आता तुला कोण अडवतंय ते बघतेच.

नाही म्हणायचं नाही. पासपोर्टचा अर्ज लगेच भर.

तुझा लोभ आहेच, तो ह्या वेळी होकाराच्या रूपानं यावा.

तुझी,
मयुरी


देवपूर, धुळे
दि. १४ मार्च २०२५

चि. मयुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, पण ओळी वर चढतात. म्हणजे माणूस उतावळा. तुझ्या आजीचं म्हणणं होतं, माझं नव्हे.

तुझ्या त्या मालकीणबाईंचं नाव भिकुबाईला काही केल्या म्हणता येईना. ती त्यांना कंदीलबाई म्हणते, आणि आता मीही तेच म्हणते. तिनं मला विचारलं, तठे बठ्ठा लोक केळंच खातस का? मी म्हटलं, पीठ पण खातात.

तू बोलावलंस, त्यात मी पोचले बघ. आता माझं जमणं कसं अवघड आहे ते ऐक. चैत्र तोंडावर आला. पापड, कुरडया, वर्षाचं तिखट, सगळं ह्या दोन महिन्यांतच. गुडघा जिन्यावर कुरकुरतो. इंग्रजी माझं औषधांच्या नावांपुरतं, आणि तिथं तर तेही चालत नाही असं ऐकते. वर दोनदा विमान बदलायचं. धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्याला बस बदलायची म्हटली तरी मी पिशवी दोनदा मोजते. शिवाय मांजरीला पिल्लं झाली आहेत, चार.

तेव्हा तूच सगळं डोळे भरून बघ, आणि आल्यावर मला सांग. ऐकण्यातही मजा असते.

आणि एक. ह्या विषयावर भाऊशी अजिबात बोलू नकोस. जुन्या गोष्टी काढू नकोस. तो परवाच येऊन गेला, केळीची फणी घेऊन. त्याच्या डोक्याला उगाच ताप नको.

थंडीत कान झाक. ढगात फिरतेस म्हणून सांगते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कोकिळाआत्या


ला लगूना
दि. २० मार्च २०२५

ती. भाऊंना,
मयुरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईनं तुम्हाला एकटं असताना द्यावं, असं मी तिला कळवलं आहे.

मी आत्याला इथं बोलावलं. तिचं पत्र आलं. त्यात पापड आहेत, गुडघा आहे, मांजरीची चार पिल्लं आहेत. आणि शेवटी, भाऊशी बोलू नकोस. तुम्ही तिच्याकडे जाऊन आलात आणि लगेच तिचा नकार आला. ह्यातून मी काय समजायचं?

भाऊ, तुम्ही मला इथं पाठवलंत. लोक काय काय बोलले तरी पाठवलंत. ते मी विसरणार नाही. पण तेव्हा मी तुमच्याशी भांडताना म्हटलं होतं की आत्याचं केलंत तसं माझं करू नका, आणि तुम्ही एक शब्द न बोलता माझ्या कागदांवर सही केली होती. मला वाटलं, तुम्हाला पटलं असेल. तुम्हाला वाईट वाटत असेल. मग आता पुन्हा तेच का? ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा पुसल्या. पंधरा दिवस तिनं समुद्र बघितला तर कुणाचं काय बिघडणार आहे? आजी शेवटपर्यंत तुमच्याशी धड बोलली नाही, ते ह्याचसाठी ना?

जास्त लिहिलं असेल तर माफ करा. पण खोडत नाही.

आपली,
मयुरी


मुक्ताईनगर
दि. २९ मार्च २०२५

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईनं चष्मा पण आणून दिला, म्हणजे चुकवायला जागा नको. मला लिहायची सवय नाही. सातबाऱ्यावर सही करतो तेवढंच.

इकडे ऊन चाळीसवर गेलं. कांदेबागेच्या केळीचे घड भरत आले. घडांना पिशव्या घालणं चालू आहे. वारं सुटलं नाही म्हणजे देव पावला. त्या ठिपक्याच्या केळीची गोष्ट मी मंडीत सांगितली, कोणी विश्वास ठेवला नाही.

आता तुझ्या मुद्द्याचं. मी कोकिळेला नाही म्हटलेलं नाही. मी गेलो तेव्हा तिनं तुझा विषय काढलाच नाही. तिला जायचं असेल तर मी स्वतः मुंबईपर्यंत सोडायला जाईन, आणि पोरी, मी जाणार म्हणजे जाणार. बाकीचं तिला विचार. पण विचारताना हळू विचार.

तुझ्यावर राग नाही. आत्यासाठी बापाशी भांडली, हे आपल्या घरात चालायचंच.

आईचा आशीर्वाद. जेवत जा.

भाऊ


देवपूर, धुळे
दि. ६ एप्रिल २०२५

चि. मयुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वहिनीनं तुझं भाऊला लिहिलेलं पत्र मला पाठवलं. भाऊला न विचारता पाठवलं. बरं केलं. मी ते दोन दिवसांत तीनदा वाचलं, आणि आज कुरडयांचा चीक तसाच ठेवून हे लिहायला बसले. चीक आंबला तर आंबू दे.

मयुरी, तुझ्या बापानं मला अडवलं नव्हतं.

नीट सांगते. १९९२ सालचा फेब्रुवारी. मस्कतचं पत्र आलं होतं, पासपोर्ट आला होता, गावात पेढे वाटून झाले होते. भुसावळहून दुपारची गाडी होती. भाऊ माझी पेटी घेऊन सोबत आला. गाडी लागली. त्यानं पेटी आत चढवली, जागा धरली, खिडकीतून हात केला. आणि माझे पाय उचलेनात. मला वाटलं, मी चढले तर पुन्हा कुणाला दिसणार नाही. भाजलेल्या पेशंटला मी हातानं उचललेलं होतं, मुडदे झाकले होते, पण त्या तीन पायऱ्या मला चढवेनात. भाऊ खाली उतरला, मला समजावलं, हात धरला. मी हात सोडवून घेतला. शिटी झाली तसा तो धावत आत गेला आणि पेटी घेऊन चालत्या गाडीतून उतरला. गुडघा फोडून घेतला.

मग आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, आता गावात तोंड कसं दाखवू, सगळे हसतील, की हिला एवढं मिळालं आणि ही भ्याली. तो उठला. चहा घेऊन आला. आणि म्हणाला, मी नको म्हटलं असं सांगू. भावानं अडवलं म्हटल्यावर तुले कोन हासणार?

मला वाटलं, महिनाभराची गोष्ट. लोक विसरतील. पण आई विसरली नाही. तिनं त्याला सोन्यासारख्या पोरीचं नशीब मोडलं असं ऐकवलं, जन्मभर ऐकवलं. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. मग तू मोठी झालीस आणि तूही त्याला तेच ऐकवलंस, आणि तो तुझ्यासमोरही गप्प बसला. मी दर रक्षाबंधनाला त्याला ओवाळते तेव्हा त्याच्या गुडघ्याकडे बघत नाही.

आणि आता पापड आणि मांजर पुढं केली, तीही त्याच भीतीपोटी. खरं सांगायचं तर मला तुझं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही, इतकं यावंसं वाटलं.

तर काल सकाळी मी जळगावला जाऊन पासपोर्टचा अर्ज भरून आले. पारोळ्याला बस बदलली. पिशवी एकदाच मोजली.

माझ्यावर रागावली असलीस तर खुशाल रागाव. पण आधी बापाला पत्र लिही.

तुझी,
कोकिळाआत्या


ला लगूना
दि. ७ एप्रिल २०२५

ती. भाऊंना,
मयुरीचा सा. न. वि. वि.

आत्यानं सगळं लिहिलं. भुसावळ, पेटी, चहा, सगळं.

मी दोनदा पत्र सुरू करून फाडलं. कांदेलारियानं विचारलं, काय झालं. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर ती उठून आत गेली आणि तुमच्यासाठी एक मेणबत्ती लावून आली.

भाऊ, तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं. नाही, नका सांगू, तुम्ही सांगितलं नाहीत तेच तुम्ही. मी जे बोलले, आधीही आणि त्या पत्रातही, ते सगळं परत घेते. आल्यावर तुमच्या समोर बसून परत घेईन. तोवर एवढंच, की मला तुमची मुलगी असल्याचा फार फार अभिमान वाटतोय, आणि हे लिहिताना ओळी वर चढताहेत, चढू देत.

तुमची,
मयुरी


देवपूर, धुळे
दि. ११ जून २०२५

चि. मयुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्हिसा आला! काल दुपारी कुरिअरवाला आला, सही मागितली, आणि मी सहीच्या जागी चुकून सिस्टर इन्चार्ज लिहिलं. भिकुबाईनं गल्लीभर जिलबी वाटली. तिला कुणी विचारलं तर म्हणते, आम्ही स्पेनले जाई राहिनूत.

मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेले तेव्हा भाऊ सोबत होता. येण्याचं कारण काय, असं तिथल्या मुलीनं विचारलं. मी सांगितलं, माझ्या भाचीला तिथलं शहर सोडवत नाहीये, तिला सोडवून आणायला चालले. ती इतकी हसली की पलीकडच्या खिडकीतली माणसं वळून बघायला लागली. महिन्याभराचा व्हिसा दिला आहे. आपल्याला पंधराच दिवस लागणार, पण देणाऱ्याचा हात कोण धरणार!

आता सामानाचं. पुऱ्यांसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ चार किलो, शेंगदाणे, लसूण, हिरव्या मिरच्या नेता येतात का ते कळव. तू म्हणतेस की २३ जूनला तिथं समुद्रकाठी संध्याकाळी सगळीकडे होळ्या पेटतात. मग त्या जाळावर भरताची वांगी भाजायची, हे मी ठरवून टाकलं आहे. तुझ्या मित्रमैत्रिणींना, कंदीलबाईंना, ज्यांचा ज्यांचा निरोप घ्यायचा आहे त्या सगळ्यांना बोलाव. निरोप कोरड्या तोंडी घेत नाहीत. भरीत ठेचायची लाकडी बडगी विमानात नेऊ देतील का? भाऊ म्हणतो, हत्यार समजतील. मी म्हणते, समजू देत.

भीती आहेच, खोटं कशाला सांगू. पण ह्या वेळी भाऊला सांगून ठेवलंय, गाडीत आधी मी चढणार, तू मागून ये. आणि पेटी तुझ्याकडे राहील.

विसाव्या तारखेला विमानतळावर वेळेवर ये. उशीर केलास तर मी शहर एकटीच बघून घेईन.

तुझी,
कोकिळाआत्या


ला लगूना
दि. २२ जून २०२५

ती. भाऊस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

पोचले. फोनवर नुसतं पोचले म्हटलं, आता सविस्तर.

तू काचेपलीकडून हात करत होतास तोवर ठीक होतं. तू दिसेनासा झालास आणि मग तेच झालं, पाय जड. मागची बाई म्हणाली, चला ना. मी मनातल्या मनात सुई टोचताना पेशंटला सांगते तसं स्वतःला सांगितलं, श्वास घ्या, झालंच. आणि गेले. एकदा गेल्यावर काय, मग जाता येतं.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा असतो. आपलं विमान कुठवर आलं ते दाखवतात. मी झोपलेच नाही. दोन तासांनी पडद्यावर मस्कत असं नाव आलं. खिडकीतून बघितलं, तपकिरी डोंगर आणि कडेला निळी रेघ. दहा मिनिटांत मागं पडलं. भाऊ, इतकं जवळ होतं ते. मी शेजारच्या मुलाला सांगितलं की मी इथं नोकरीला येणार होते. तो म्हणाला, मग का नाही आलात? मी म्हटलं, भ्याले. पहिल्यांदा बोलले हे तुझ्याशिवाय कुणापुढं. तो बिचारा म्हणाला, होतं असं, आणि मला त्याच्या वाटचं चॉकलेट दिलं.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. हे पत्र घरात मोठ्यानं वाच. आपल्या चुलत्यांना, शेजाऱ्यांना, ज्याला ज्याला तू अडवलंस असं वाटतं त्याला ऐकव. तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून वहिनीला वेगळं कळवलं आहे.

मयुरी वाळली आहे पण तेज आलंय. तिला इथला पाववाला, टपालवाला, विद्यापीठातला शिपाई, सगळे हाका मारतात. ती वहीत यादी करून बसली आहे, कुणाकुणाचा आणि कशाकशाचा निरोप घ्यायचा. त्यात एक झाड आहे, एक बाक आहे, एक उतार आहे. मी तिला म्हटलं, एवढ्यानं तर लग्नातल्या मानपानाची यादी होईल.

कंदीलबाई ठेंगणी, तोंडाची फटकळ. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर कळत नाही आणि तरी पहिल्या संध्याकाळी दोन तास बोललो. ती स्पॅनिश, मी मराठी. ती थोडी लंगडते. पायात जाड लोकरी मोजे, घरातसुद्धा. त्या मोज्यांना येणारा वास मला ओळखीचा वाटतोय. बघते.

वहिनीला नमस्कार, आणि घड उतरले का ते कळव.

तुझी,
कोकिळा


ला लगूना
दि. ३० जून २०२५

ती. भाऊंना,
मयुरीचा सा. न. वि. वि.

इतकं काही घडलंय की कुठून सुरू करू! आधी भरीत. २३ तारखेला समुद्रकाठी चाळीस माणसं होती. इथली वांगी जांभळी आणि बुटकी, आत्यानं ती बाजारात एकेक दाबून घेतली. बाजारवाली चिडली, मग हसली, मग स्वतःही जेवायला आली. बडगी विमानतळावर कुणी अडवली नाही. आमच्या प्राध्यापकबाईंनी बाह्या वर करून भरीत ठेचलं. मिरची लागून दोघे समुद्राकडे धावले. सूर्य इथं नऊला मावळतो, तोवर आम्ही पुऱ्या तळत होतो.

पण खरी गोष्ट दुसऱ्याच दिवशी घडली. आत्यानं सकाळी कांदेलारियाला खुर्चीत बसवलं आणि मोजा काढायची खूण केली. ती नाही म्हणाली. आत्या जमिनीवर बसली आणि तिचा पाय मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. पंधरा मिनिटं. मग कांदेलारियानं स्वतःच मोजा काढला. अंगठ्याला जखम, कडेनं काळी पडलेली. तिला साखरेचा आजार आहे आणि हे तिनं दोन महिने सगळ्यांपासून लपवलं होतं. मुलीला कळलं तर ती घर विकायला लावेल आणि मला वृद्धाश्रमात नेऊन टाकेल, असं ती रडत म्हणाली. मी पाच महिने त्याच घरात राहतेय, भाऊ, आणि मला दिसलं नाही.

आत्या मला म्हणाली की भाषांतर कर, एक शब्द गाळू नकोस. मग तिनं सांगितलं की मीही एक भीती तेहतीस वर्षं मोज्यात घालून ठेवली होती, आणि तिचा त्रास मला कमी झाला, माझ्या भावाला जास्त झाला. तुम्ही दवाखान्यात चला, मी शेजारून हलणार नाही. कांदेलारिया तशीच उठली.

डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अंगठा काढावा लागला असता. आता रोज ड्रेसिंग, तीन आठवडे. ड्रेसिंग तिथली नर्स करते. आत्या शेजारी बसून कांदेलारियाचा हात धरते आणि नर्सच्या चुका काढते. मी सोबत असले की मला त्या चुका भाषांतर करून सांगायच्या असतात. नर्स पहिल्या दिवशी रागावली. काल तिनं आत्याला विचारून पट्टी बांधली.

आणि आता बसून वाचा. आत्या माझ्याबरोबर येत नाहीये. कांदेलारिया म्हणते, कोकिळा असेल तरच मी रोज जाईन. आत्याचा व्हिसा महिन्याचा आहे. तिनं मला विचारलं नाही, मला सांगितलं, की तिकीट १९ जुलैचं करून आण. मी म्हटलं, तू इथं एकटी? भाषा येत नाही, मी नसणार, रस्ते माहीत नाहीत. ती म्हणाली की ड्रेसिंगची वेळ आठची आहे, तोवर रस्ता सापडेलच.

कांदेलारियानं मुलीला फोन केला. खरं सांगितलं. मुलगी पंधरा तारखेला येतेय, घर विकायचं नाव कुणी काढलेलं नाही.

म्हणजे मी एकटीच येतेय, ६ तारखेला मुंबईला. घ्यायला याल ना? मला तुमच्यासमोर बसायचंय.

तुमची,
मयुरी


ला लगूना
दि. ५ जुलै २०२५

ती. भाऊस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

पोरीला आत्ता विमानात बसवून आले. हे पत्र तिच्या आधी तुला पोचेल.

ती तुला फार शहाण्यासारखं वागून दाखवेल, म्हणून आधीच सांगते. काल दिवसभर आम्ही तिची यादी घेऊन फिरलो. पाववाल्यानं तिला पाव दिला, तिनं त्याला भरिताची कृती लिहून दिली. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडाला ती टेकून उभी राहिली, तेव्हा मी लांब जाऊन उगाच फुलं बघत होते. शेवटी राहिला तो उतार. तिथून खाली सगळी घरं दिसतात, पलीकडे समुद्र. पण ढग आला आणि काहीच दिसेना. मला वाटलं, ही आता रडणार. ती हसायला लागली. म्हणाली, आलेल्या दिवशीही असंच होतं, मी कुठं आले हेच कळत नव्हतं.

रडली ती आज. विमानतळावर, माझ्या खांद्यावर, लहानपणी रडायची तसं आवाज करून. तिला जायचंही होतं आणि जायचं नव्हतंही. मी तिला समजावलं नाही. पाठीवरून हात फिरवला, आणि मग खांद्याला धरून वळवलं आणि हळूच ढकललं. ती गेली. पलीकडून तिनं हात केला, मी केला. भाऊ, तिकडच्या बाजूला उभं राहून हात करणं कसं असतं ते मला आज कळलं. तू ते दोनदा केलंस, आणि पहिल्यांदा तर गाडीच्या आतून.

वहिनीचा निरोप मिळाला. तिनं माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि तू उठून बागेत गेलास म्हणे. जायचं तिथं जा, पण आता लोकांनी तुला काही म्हटलं तर मान खाली घालू नकोस.

मयुरीला घरी नेताना वाटेत काही विचारू नकोस, आधी झोपू दे. दोन दिवसांनी ती बोलायला बसेल. ऐक. मध्येच केळीकडे बघायला जाऊ नकोस.

आता माझं. विमानतळाहून परत यायला मयुरीनं कागदावर सगळं लिहून दिलं होतं, कोणती बस, कुठं उतरायचं. मी चुकीच्या बाजूची बस पकडली. खालच्या शहरात समुद्राजवळ जाऊन पोचले. कागद उलटसुलट करून पाहिला. मग एका बाईला म्हटलं, ला लगूना, आणि हातानं वर डोंगर दाखवला. तिनं मला ट्रामपर्यंत आणून सोडलं. ट्राम चढ चढत गेली तशी हवा गार होत गेली आणि मला ओळखीची घरं दिसायला लागली. ते पिवळं, ते कौलावर झाड असलेलं. मी योग्य जागी उतरले, कुणी न सांगता.

कंदीलबाई खिडकीत उभी होती. मला लांबून बघून तिनं हाक मारली. जेवण झालं असणार, पाय वर ठेवायची तिची वेळ झाली होती. मी तिला हात केला, दहा बोटं दाखवली, म्हणजे दहा मिनिटांत येते. आणि एकटीच चौकाला एक चक्कर मारून आले.

माया आहेच, ती लांब आल्यानं पातळ होत नाही असं दिसतंय.

तुझी,
कोकिळा
(सध्या मुक्काम ला लगूना)